म्वेर्तोस, कालावेरा आणि पान: एक शुद्धिपत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर उजाडला की मराठी वृत्तपत्रांत मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची छायाचित्रे झळकतात. छायाचित्रे छान असतात, घोळ असतो तो त्यांच्याखालच्या ओळीत. ‘डिया डी लॉस म्युर्टोस’, ‘ओफ्रेंडा’, ‘कॅलव्हेरा’, ‘पॅन डी म्युर्टो’ अशी नावे छापून येतात आणि वाचकाच्या सोयीसाठी पुढे ‘मेक्सिकोचे हॅलोविन’ असा खुलासा जोडलेला असतो. शब्द स्पॅनिश आहेत, पण आपल्यापर्यंत ते इंग्रजी तोंडातून फिरून आलेले आहेत. वाटेत त्यांचा उच्चार गेला, ते ठीक म्हणता येईल. पण बहुतेकांचा अर्थही गेला. या सणातला जवळजवळ प्रत्येक शब्द एखाद्या हातकामाला, पदार्थाला किंवा रिवाजाला चिकटलेला आहे. शब्द नीट कळला तर वस्तू कळते, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी लेखनाचे पाहू. स्पॅनिशमधले त आणि द दातांना जीभ लावून उच्चारतात, म्हणजे अगदी आपलेच त आणि द. इंग्रजी बोलणाऱ्याला ते जमत नाहीत म्हणून तो ट, ड करतो. देवनागरीत दोन्ही अक्षरे हजर असताना आपण ती उसनी अडचण कशाला सोसायची? स्वरही पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. ॲ आणि ऑ या भाषेत नाहीतच. तेव्हा स्पॅनिश शब्दावर अर्धचंद्र काढायचा नाही आणि ट-ड वापरायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या चुका आपोआप जातील. ‘म्युर्टोस’चे ‘म्वेर्तोस’ होईल, ‘लॉस’चे ‘लोस’, ‘पॅन डी’चे ‘पान दे’. स्वरांच्या मधला ‘व’ हा तिथे ओठ पुरते न मिटता म्हटलेला ब असतो. आपला व त्याच्या जवळ जातो, म्हणून ‘कालावेरा’ चालेल.

एका अक्षराने मात्र जपून राहावे. इंग्रजीत ज्याला एक्स म्हणतात ते अक्षर मेक्सिकोत चार प्रकारे वाचले जाते. देशाचे नाव तिथले लोक ‘मेहिको’ म्हणतात, फुलांच्या वाफ्यांसाठी प्रसिद्ध असलेला राजधानीचा भाग ‘सोचिमिल्को’, हुआस्तेका भागातला मृतांचा सण ‘शान्तोलो’, आणि ‘क्स’ हा उच्चार उरतो तो ‘एक्स्त्रा’सारख्या शब्दांना. वाहाका हे राज्य मराठीत ‘ओक्साका’ म्हणून छापले जाते, ते याच अक्षरामुळे. नियम पाठ करून इथे भागत नाही, ते नाव एकदा कानांनी ऐकावेच लागते.

आता सणाचे नाव. मेक्सिकोत रूढ नाव ‘दीआ दे म्वेर्तोस’ असे आहे, मधे ‘लोस’ नाही. ‘दीआ दे लोस म्वेर्तोस’ हे व्याकरणाने चूक नाही. पण ते जास्त करून अमेरिकेत ऐकू येते आणि इंग्रजी नावाचे उलट भाषांतर होऊन पसरलेले आहे. पंचांगातले, म्हणजे कॅथलिक चर्चच्या दिनदर्शिकेतले दिवस दोन: 1 नोव्हेंबरचा ‘तोदोस लोस सान्तोस’, सर्व संतांचा दिवस, आणि 2 नोव्हेंबरचा ‘फिएलेस दिफुन्तोस’, श्रद्धावान मृतांचा दिवस. घरोघरच्या रिवाजात पहिला दिवस ‘आन्खेलितोस’चा, म्हणजे लहानपणी गेलेल्या मुलांचा, आणि दुसरा मोठ्यांचा. बऱ्याच गावांत सुरुवात त्याहून आधी होते: 28 ऑक्टोबरला अपघातात किंवा मारले गेलेल्यांसाठी, पुढच्या दोन-तीन दिवसांत बुडून मेलेल्यांसाठी, बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांसाठी. हा क्रम गावागणिक बदलतो, त्यामुळे ‘मेक्सिकोत अमुक तारखेला अमुक’ असे ठोकून देऊ नये. 27 ऑक्टोबरचा पाळीव प्राण्यांचा दिवस अलीकडे जोडलेला आहे, हेही बातमीत यावे.

‘तीन हजार वर्षांपूर्वीचा अॅझटेक सण’ हे शीर्षकही आता पुरे. मेशिका, म्हणजे आपण ज्यांना अॅझटेक म्हणतो, त्या लोकांचे मृतांचे उत्सव होते, ‘मिक्काइल्वितोन्त्ली’ हे त्यांतल्या धाकट्याचे नाव. पण ते उन्हाळ्यात यायचे. नोव्हेंबरच्या तारखा, मेणबत्त्या, गव्हाचा पाव आणि साखर हे सगळे स्पॅनिश लोकांबरोबर आले. फूल, धूप, मका आणि चटई ही तिथलीच. युनेस्कोने 2003 मध्ये या परंपरेचा गौरव केला आणि 2008 मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतले, ते ‘मृतांना अर्पिलेले आदिवासी सण’ अशा अनेकवचनी नावाने. त्या अनेकवचनाला अर्थ आहे. मिचोआकानमधल्या पात्स्क्वारो सरोवराकाठी सणाला ‘नोचे दे म्वेर्तोस’, म्हणजे मृतांची रात्र म्हणतात. हुआस्तेकात तो ‘शान्तोलो’: लॅटिन ‘सान्क्तोरुम’ हा नावात्ल, म्हणजे मेशिकांची भाषा, बोलणाऱ्यांच्या तोंडी बसून झालेला शब्द. युकातानमध्ये ‘हानाल पिशान’: माया भाषेत हानाल म्हणजे जेवण, पिशान म्हणजे आत्मा. तिघांनाही एकच नाव चिकटवले की बातमीतला प्रदेशच नाहीसा होतो.

‘ओफ्रेन्दा’ या शब्दाला मराठीत ‘वेदी’ म्हणतात, कधी ‘नैवेद्य’. दोन्ही अपुरे आहेत. वेदी, म्हणजे ‘आल्तार’, ही नुसती मांडणी. पायऱ्या, मेज, कमान. ओफ्रेन्दा म्हणजे मांडणीसकट त्यावर ठेवलेले सगळे. आणि मृताची पूजा इथे होत नाही, तो पाहुणा म्हणून येतो. म्हणून ‘पूजेचा देव्हारा’ असे लिहिणे तर फारच चुकते. पायऱ्या दोन असल्या तर पृथ्वी आणि स्वर्ग, सात असल्या तर आत्म्याला ओलांडायच्या सात टप्प्यांच्या, असा अर्थ सांगतात, तीनही असतात. जागा नसेल तर एका मेजावरही सगळे मावते आणि कुणी नाक मुरडत नाही.

ओफ्रेन्दावर पाणी हवेच, कारण पाहुणा लांबून तहानलेला येतो. मीठ हवे. मृताचे छायाचित्र, त्याच्या आवडीचे खाणे-पिणे आणि ‘पेताते’ हवी: ताडाच्या पातीची विणलेली चटई, नावात्लमधल्या ‘पेत्लात्ल’वरून आलेला शब्द. पूर्वी माणूस त्याच चटईवर निजायचा आणि मेला की तिच्यातच गुंडाळला जायचा. म्हणून बोली स्पॅनिशमध्ये कुणी मेला तर ‘से पेतातेओ’ म्हणतात, तो चटईला लागला! ‘कोल्गो लोस तेनिस’, त्याने बूट टांगले, हा त्याचा शहरी धाकटा भाऊ. मरणावरचे असले वाक्प्रचार भाषांतर करताना सरसकट ‘निधन पावला’ होऊन जातात आणि मेक्सिकन माणसाचा सूरच हरवतो.

मेणबत्तीलाही तीन शब्द आहेत. ‘वेला’ ही साधी उभी मेणबत्ती, ‘सिरिओ’ चर्चमधली जाड उंच, ‘वेलादोरा’ काचेच्या पेल्यात ओतलेली. दर मृतामागे एक लावायची आणि ज्याचे कुणी नाही अशा ‘आनिमा सोला’साठी, एकट्या आत्म्यासाठी, एक जादा. घरात वेलादोराच बरी. वर पातळ कागदाच्या पताका, खाली सुकत चाललेल्या पाकळ्या आणि मधे उघडी ज्योत, अशी रचना रात्रभर सोडून झोपले तर काय होते हे वेगळे सांगायला नको. पेले पाकळ्यांपासून वीतभर लांब आणि सपाट दगडी किंवा मातीच्या बैठकीवर ठेवतात. काच तळाशी तापून तडकते ती मेण अगदी संपत आल्यावर, म्हणून शेवटचे बोटभर मेण उरले की नवी लावून जुनी विझवायची.

‘कोपाल’ला ‘सुगंधी उदबत्ती’ म्हणू नये. तो बुर्सेरा जातीच्या झाडांच्या सालीला चिरा देऊन काढलेला डिंक आहे, मूळ नावात्ल शब्द ‘कोपाल्ली’. ज्या मातीच्या पायदार भांड्यात तो जाळतात ते ‘साउमादोर’; स्पॅनिशमध्ये यात ह लिहितात पण उच्चारत नाहीत. कोळसा आधी पुरता पेटू द्यायचा, वर राखाडी राख धरली की वाटाण्याएवढा खडा ठेवायचा. घाई केली तर काळा धूर येतो आणि घरभर कोळशाचाच वास बसतो; खडा मोठा ठेवला तर तो वितळून निखाऱ्यावर पसरतो आणि निखारा विझतो.

फुलाच्या बाबतीत मात्र मराठी वृत्तपत्रांनी स्वतःच्याच भाषेवर अन्याय चालवला आहे. ‘मेक्सिकन मेरीगोल्ड’ म्हणून जे छापले जाते ते झेंडूचे फूल आहे, दुसरे काही नाही. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलाच, तिथून तो जगभर गेला. तिथे त्याला ‘सेम्पासूचिल’ म्हणतात, आघात ‘सू’वर. नावात्लमध्ये ‘सेम्पोवाल्ली’ म्हणजे वीस आणि ‘शोचित्ल’ म्हणजे फूल; तिथली मोजणी विसाच्या पटीत चालायची, म्हणून ‘वीस’ हा भरगच्चपणाचा शब्द. ‘चारशे पाकळ्यांचे फूल’ हा अनुवाद सगळीकडे दिसतो, शब्दात मात्र चारशे कुठेच नाही. रोपे जून-जुलैत लावली तर फुले ऑक्टोबरअखेर हाताशी येतात. पाकळ्या खुडून त्यांची पायवाट दारापासून ओफ्रेन्दापर्यंत घालतात. रंग आणि वास यांच्या खुणेने आत्मा वाट काढतो अशी समजूत. पाकळ्या आदल्या दिवशी खुडून पिशवीत बांधून ठेवल्या तर उबेने काळ्या पडतात, म्हणून खुडायचे काम त्याच दिवशी. झेंडूच्या जोडीला कोंबड्याच्या तुऱ्याची मखमली जांभळट-लाल फुले असतात, त्यांना ‘तेर्सिओपेलो’ म्हणजे मखमलच म्हणतात.

कमानीवर लटकणाऱ्या कागदी पताका म्हणजे ‘पापेल पिकादो’. ‘कात्रीने कापलेला कागद’ हे त्याचे वर्णन चुकीचे आहे, आणि चूक शब्दातच पकडता येते. ‘पिकार’ म्हणजे टोचणे, ठोकून छेद पाडणे. कात्रीने कापलेल्याला ‘रेकोर्तादो’ म्हणतात. पुएब्ला राज्यातले सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे या कामाचे माहेरघर. राज्याने 1998 मध्ये त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कारागीर ‘पापेल दे चीना’, म्हणजे पतंगासारखा पातळ कागद, पन्नासेक ताव एकावर एक रचतो, कडेने पक्के जखडतो आणि सगळ्यांत वर नमुना काढलेला ताव ठेवतो. हा गठ्ठा शिशाच्या पत्र्यावर. मग ‘फिएर्रितोस’, म्हणजे वेगवेगळ्या टोकांच्या लहान छिन्न्या, नमुन्यावर उभ्या धरून हातोडीचा एकेक घाव. शिसे का, तर ते मऊ असते. छिन्नी गठ्ठ्याच्या पार गेली तरी धार मरत नाही आणि तळचा तावही स्वच्छ सुटतो. लाकडावर काम केले की खालचे पाच-दहा ताव केसाळ निघतात. दुसरी हमखास चूक नमुन्यातच असते: आकृती एकमेकांना धरून ठेवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या फार बारीक ठेवल्या की पहिल्याच वाऱ्यात सांगाड्याचा हात निखळतो. म्हणून जाणता कारागीर मोकळ्या जागेत जाळी कोरतो. ती शोभेची वाटते, खरे तर तीच सगळा भार वाहते. घरी कागदाच्या घड्या घालून कात्रीने केलेल्या पताका दिसायला बऱ्या, पण घडीमुळे दोन्ही अंगे सारखीच येतात. गिटार वाजवणारा सांगाडा असा एकांगी नमुना छिन्नीशिवाय निघत नाही.

पावाकडे वळू. ‘पान दे म्वेर्तो’चे भाषांतर ‘मृताची भाकरी’ असे वाचनात आले आहे. भाकरी कशाला? आपला ‘पाव’ पोर्तुगीज ‘पाऊं’वरून आला, आणि ते पोर्तुगीज व स्पॅनिश ‘पान’ हे दोन्ही लॅटिन ‘पानिस’चे वंशज. म्हणजे मराठीत नेमका शब्द घरातच आहे. हा गोड, अंडी-लोण्याचा, संत्र्याच्या वासाचा मऊ पाव. वर ‘उएसितोस’ म्हणजे हाडांच्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्या आणि मधोमध कवटीची गोळी.

प्रमाण सांगायचे तर अर्धा किलो मैद्याला 125 ग्रॅम साखर, 125 ग्रॅम लोणी, तीन अंडी, 100 ते 120 मिलिलिटर कोमट दूध, 10 ग्रॅम कोरडे यीस्ट, अर्धा चमचा मीठ, दोन संत्र्यांच्या सालीचा किस आणि मोठा चमचाभर ‘आग्वा दे असाआर’, म्हणजे संत्र्याच्या मोहोराचा अर्क. लोणी शेवटी, तेही तुकड्यातुकड्याने. आधीच घातले तर स्निग्धाने मैद्याची लवचीक जाळी नीट धरत नाही आणि पाव केकसारखा भुसभुशीत होतो. पीठ मळून दीड-दोन तासांत दुप्पट झाले की त्यातला सुमारे पाचवा हिस्सा हाडांसाठी बाजूला काढायचा. इथेच बहुतेकांचे बिनसते. तेच मऊ पीठ लगेच हाडे म्हणून लावले तर ती पावाबरोबर फुगतात, भट्टीतून निघतो तो नुसता गोल पाव आणि वर थोडे टेंगूळ. त्यासाठी बाजूला काढलेल्या पिठात चमचाभर मैदा जादा मळतात आणि ते थंड जागी ठेवतात. पाव निम्माअधिक फुगला की मगच हाडे. वळताना तीन बोटे पसरून पट्टीवर फिरवली की मधे चेपते आणि बोटांच्या फटींत गाठी उठतात. त्याच सांध्याच्या गाठी. मधली गोळी भाजताना घरंगळते, म्हणून अंगठ्याने खळगा करून त्यात फेटलेल्या अंड्याने चिकटवायची. 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटे. वरची साखर पाव कोमट झाल्यावर, पातळ लोणी लावून; गरमागरम पावावर साखर टाकली तर तिचा पाक होऊन चिकट डाग पडतात.

असा हाडांचा पाव राजधानीत सर्वत्र दिसतो, सगळ्या देशात नाही. पुएब्लात तीळ लावलेल्या पावाला ‘ओखाल्द्रा’ म्हणतात. वाहाकात ‘पान दे येमा’ असतो, भरपूर अंड्यांच्या पिवळ्या बलकाचा, आणि त्यात पिठाचा रंगवलेला छोटा चेहरा खोचलेला असतो. वाहाकाचे छायाचित्र छापून खाली ‘हाडांच्या आकाराचा पाव’ लिहिले की चित्रात हाडे शोधता शोधता वाचकाची दमछाक होते.

साखरेच्या कवट्यांना ‘शुगर स्कल’ म्हणायची काहीच गरज नाही. ‘कालावेरा दे आसूकार’ हे त्यांचे नाव. त्या ज्या साखरकामात मोडतात त्याचे नाव ‘आल्फेन्यीके’, आणि या शब्दाचा प्रवास मराठी वाचकाला मुद्दाम सांगावा असा आहे. स्पॅनिशमध्ये तो अरबीतल्या ‘फानीद’वरून आला, अरबीत फारसी ‘पानीद’वरून आणि फारसीत संस्कृत ‘फाणित’वरून. फाणित म्हणजे उसाचा आटवून दाट केलेला रस. तो शब्द असा जगाच्या पार पलीकडे तोलूकाच्या बाजारात जाऊन बसला आहे. तिथे दरवर्षी आल्फेन्यीकेची जत्रा भरते.

यातही दोन कामे वेगळी, आणि ती एकमेकांत मिसळली जातात. खरे आल्फेन्यीके म्हणजे हाताने वळायची साखरेची कणीक: अर्धा किलो अगदी बारीक पिठीसाखर, एका मोठ्या अंड्याचा पांढरा भाग, लिंबाचे काही थेंब आणि ‘चाउत्ले’ नावाची, आमरीच्या (ऑर्किडच्या) कंदापासून केलेली चिकट पूड. त्यातून मेंढ्या, टोपल्या, शवपेट्या वळतात. उघडी राहिली तर ही कणीक पाच मिनिटांत वाळून भेगाळते, म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवून लागेल तेवढीच घ्यायची.

कवट्या बहुधा ‘वासिआदो’ पद्धतीने होतात, म्हणजे ओतून. मातीचे दोन अर्धे साचे आधी पाण्यात भिजत घालतात. कोरड्या सच्छिद्र मातीत पाक शिरला तर कवटी सुटता सुटत नाही. साखरेचा पाक गोळीबंद झाला की खाली उतरवून ढवळत पांढुरका करतात आणि बांधलेल्या साच्यात ओततात. काही मिनिटांत भिंतीला लागलेला थर धरतो. तेवढ्यात साचा उलटा करून मधला पातळ पाक परत भांड्यात. राहते ती पोकळ कवटी. उलटायला घाई झाली तर कवच फुटते, उशीर झाला तर भरीव ढेकूळ हाती येते. पाकात लिंबू थोडेच घालायचे: जादा आम्लाने साखरेचे कण धरतच नाहीत आणि कवटी दिवस गेले तरी चिकट राहते. मग रंगीत साखरलेप, डोळ्यांत चमचमता कागद आणि कपाळावर नाव. हे नाव मृताचेच असते असे नाही. जिवंत मित्राला त्याच्याच नावाची कवटी देणे हा तिथे प्रेमाचा प्रकार आहे. छायाचित्रातल्या कवटीवरचे नाव पाहून ‘दिवंगत अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहून मोकळे होऊ नये.

‘कालावेरा’ म्हणजे फक्त कवटी. सगळा सांगाडा हवा असेल तर ‘एस्केलेतो’, लाडाने ‘कालाका’. पण मेक्सिकोत कालावेराला आणखी अर्थ आहेत. मुले दारोदार जाऊन ‘मे दा मि कालावेरिता?’ विचारतात तेव्हा त्यांना कवटी नको असते, खाऊ किंवा चिल्लर हवी असते. गाडीच्या मागच्या लाल दिव्यांनाही तिथे कालावेराच म्हणतात, त्यामुळे वाहन अपघाताच्या मेक्सिकन बातमीत ‘कवटी फुटली’ असे यंत्रभाषांतर आले तर घाबरू नये.

‘काट्रिना’ या नावाने छापली जाणारी पिसांच्या टोपीवाली सांगाडा-बाई म्हणजे ‘ला कात्रिना’, आणि ती कुठलीही प्राचीन देवता नाही. आग्वास्कालिएन्तेसला जन्मलेले होसे ग्वादालूपे पोसादा (1852–1913) या छापचित्रकाराने 1910 च्या सुमारास तिचे डोके तेवढे कोरले. तेव्हाचे नाव ‘कालावेरा गार्बान्सेरा’. गार्बान्सेरा म्हणजे छोले विकणारी. मूळ आदिवासी रक्त लपवून युरोपीय थाट करणाऱ्यांना लावलेला टोमणा. तिला अंगभर झगा दिला तो चित्रकार दिएगो रिवेरा यांनी, 1947 मध्ये पूर्ण झालेल्या आलामेदा बागेच्या भित्तिचित्रात, आणि ‘कात्रिन’, म्हणजे छानछोकी करणारा, याचे स्त्रीलिंगी नाव रुळले ते त्यानंतर. ते चित्र 1985 च्या भूकंपात मोडकळलेल्या हॉटेलातून हलवून आता स्वतंत्र संग्रहालयात ठेवलेले आहे. सणानिमित्त निघणारी राजधानीतली भव्य मिरवणूकही 2016 पासूनची. आदल्या वर्षीच्या एका जेम्स बाँडपटात ती आधी दिसली आणि मग शहराने ती खरी केली. ‘शतकानुशतकांची मिरवणूक’ असे लिहिण्याआधी एवढे पाहावे. ‘सान्ता म्वेर्ते’ हा तर सर्वस्वी निराळा पंथ आहे. चर्च त्याला मानत नाही आणि या सणाशी त्याचा संबंध जोडू नये.

‘पान्तेओन’ हा शब्द पाहून रोममधले देवालय डोळ्यांपुढे येते आणि बातमीत ‘मंदिर’ पडते. मेक्सिकोत पान्तेओन म्हणजे साधी दफनभूमी. राजधानीच्या हद्दीतल्या सान आन्द्रेस मिस्कीकच्या पान्तेओनमध्ये 2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळ्या थडग्यांवर दिवे लागतात, त्याला ‘ला आलुम्ब्रादा’ म्हणतात. पुएब्लातल्या वाकेचूलात त्या वर्षी गेलेल्या माणसासाठी छताला भिडणारी पांढऱ्या सॅटिनची ओफ्रेन्दा उभारतात आणि तिच्यात ‘योरोनसितोस’, रडणारी छोटी मातीची माणसे, ठेवतात. काम्पेचेतल्या पोमुच गावात पुरल्यानंतर काही वर्षांनी हाडे बाहेर काढून लाकडी पेटीत भरतकामाच्या कापडावर ठेवतात आणि सणाआधी दरवर्षी ती हळुवार झटकून कापड बदलतात. याला ‘सांगाडे उकरण्याची भीषण प्रथा’ म्हणणारा मथळा आम्ही पाहिला आहे. तिथल्या भाषेत क्रियापद आहे ‘लिम्पिआर’, स्वच्छ करणे. घरातला म्हातारा पुसून-न्हाणून काढावा तसे.

युकातानच्या हानाल पिशानचा मुख्य पदार्थ ‘मुक्बिपोयो’. पोयो म्हणजे कोंबडी. ‘मुक्’ हा माया भाषेतला धातू, अर्थ पुरणे. ‘चिकन तामाल’ म्हटले की नेमके हे पुरणेच सुटते. मक्याच्या पिठात डुकराची चरबी आणि ‘आचिओते’ची, म्हणजे शेंदरीची पूड मळून जाड कवच थापतात, आत कोंबडी, डुकराचे मांस, मक्याच्या पिठाने दाट केलेला रस्सा आणि काळ्या ‘एस्पेलोन’ शेंगांचे दाणे, वर त्याच पिठाचे झाकण. सगळे केळीच्या पानात बांधून ‘पीब’मध्ये, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत. खड्ड्यात लाकडे पेटवून वर दगड तापवायचे; ज्वाला संपून निखारे उरले की पुडकी, वर पाने, पत्रा आणि माती. मातीतून कुठूनही वाफेची रेघ दिसली की तिथे लगेच मूठभर माती लोटायची, कारण वाफ गेली की कवच करपते आणि मधले पीठ कच्चे राहते. केळीची पाने आधी निखाऱ्यावरून फिरवून मऊ केली नाहीत तर ती घडीवरच चिरतात आणि रस्सा निखाऱ्यात जातो.

शेवटचा शब्द वृत्तपत्राच्या धंद्यातलाच आहे: ‘कालावेरिता लितेरारिया’. जिवंत, शक्यतो वजनदार माणसाला मृत्यू कसा न्यायला आला याचे टवाळखोर पद्य. पोसादांची चित्रे आन्तोनिओ वानेगास आर्रोयो यांच्या छापखान्यातून अशाच पद्यांसोबत पानापानाने विकली जात, आणि आजही नोव्हेंबरच्या सुमारास मेक्सिकन वृत्तपत्रे पुढाऱ्यांवर ती छापतात. नियम थोडेच. माणूस जिवंत हवा, मरण त्याच्याच खोडीमुळे यायला हवे, आणि मृत्यूला ‘ला फ्लाका’, ‘ला पेलोना’, ‘ला उएसूदा’, म्हणजे हाडकुळी, टकली, हाडाळ, अशा नावांनी हाक मारायची. चार ओळींचे कडवे, ओळीला आठ अक्षरे. म्हणजे आपली अष्टाक्षरीच, बसवायला अडचण नाही. आपली रजा गृहीत धरून नमुना देतो:

संपादक तपासती
मुद्रितांचा ढीग रात्री;
हाडकुळी आत आली
हाती घेऊनिया कात्री.

‘म्युर्टोस’ हे छापलेस?
चल आता माझ्यासवे;
शुद्धिपत्र छापायाला
स्मशानात कोणी हवे!

आपले नम्र,
स्पॅनिश-मराठी भाषांतराचे काम करणारे काही वाचक